शेरा : घर बंद

नोकरीची शेवटची आठ-नऊ वर्षे मी शिकवले कमी आणि माणसे जास्त मोजली. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या शिक्षिकेच्या गळ्यात मतदारयादीचे काम पडते, हे सगळ्यांना ठाऊक असते. ते एकदा पडले की निवृत्तीपर्यंत सुटत नाही, हे ज्याच्या गळ्यात पडते त्यालाच कळते. शाळा सुटली की खांद्याला पिशवी, पिशवीत यादी, फॉर्म, पेन्सिल आणि पाण्याची बाटली, आणि मी आमच्या वटार गावच्या आळ्यांमधून दारोदार. घरात कोण राहते, कोण वारले, कोण लग्न होऊन गेले, कोण नव्याने अठराचे झाले. चहा नको म्हटले तर माणसे रागावायची आणि घेतला तर मला पित्त व्हायचे. पाय दुखायचेच, पण तेच ते प्रश्न विचारून जीव जास्त थकायचा.

यादीच्या कडेला एक रकाना असतो, शेऱ्याचा. त्या रकान्यात मी सगळ्यांत जास्त वेळा लिहिलेले शब्द म्हणजे ‘घर बंद’.

आमच्या ख्रिस्ती आळीत घर बंद असणे हे वाईट लक्षण नाही. उलट बरे चालल्याचे लक्षण. मुलगा कॅनडात, सून तिकडे नर्स, म्हातारा-म्हातारी नातवंडे सांभाळायला गेलेली. ओट्याला ताजा रंग, फाटकाला भक्कम कुलूप, आणि अंगणातल्या क्रूसापुढे शेजारीण मेणबत्ती लावून जाते. नियमाने पाहिले तर कायमच्या गेलेल्यांची नावे यादीतून काढायला हवीत. पण गावाचा स्वतःचा एक नियम होता, कुठेही न लिहिलेला: आपल्या माणसाचे नाव काढायचे नाही. तो मतदानाला येवो न येवो, नाव आहे म्हणजे तो गावचा. मीही त्याच गावची सून. ‘घर बंद’च्या पुढे मी ‘कामानिमित्त बाहेर’ असे लिहायचे आणि पुढच्या दाराकडे वळायचे. माझ्या स्वतःच्या घरातला मुलगा असा अकरा वर्षे कामानिमित्त बाहेर होता.

पुराची माणसे आमच्याकडे आली त्याला आता काही वर्षे झाली. घाटावरच्या एका नदीकाठच्या गावची ही माणसे. नदी गावात शिरली, पाच दिवस राहिली आणि जाताना कितीतरी घरांच्या भिंती आणि उसाच्या रानातली काळी माती घेऊन गेली. मागे वाळू राहिली. सरकारकडून सांगणे आले की गाव वर माळावर वसवू, प्रत्येक घराला प्लॉट देऊ, तोवर ज्याने त्याने आपली सोय बघावी. सोय बघता बघता त्यांच्यातला एकजण राजोडीच्या समुद्रावर एका रिसॉर्टमध्ये माळीकामाला लागला. त्याने भावाला बोलावले, भावाने साडूला, आणि वर्ष-दीड वर्षात त्या गावची अख्खी एक आळी आमच्या घरामागे येऊन राहिली. चौदा घरे.

त्यांना जागा मिळाली, कारण माझ्या थोरल्या दिरांनी बावखल बुजवले होते. आमच्या वाड्यांमध्ये पूर्वजांनी खणलेली गोड्या पाण्याची तळी आहेत, त्यांना आम्ही बावखल म्हणतो. केळी, पानवेल, मोगरा, सगळे त्याच पाण्यावर वाढलेले. दिरांच्या वाट्याचे बावखल बरीच वर्षे पडूनच होते. मुले ऑफिसात गेली, शिंपायला कोणी उरले नाही. त्यांनी त्यात पाडलेल्या इमारतींचा राडारोडा टाकून घेतला आणि वर पत्र्याच्या सहा खोल्या काढल्या. माणसे येत गेली तशा सहाच्या चौदा झाल्या. आगाशीपर्यंत खोल्यांची भाडी चढली आणि ज्याच्या ज्याच्याकडे म्हणून बावखल होते, तो काठावर उभा राहून मनातल्या मनात खोल्या मोजू लागला.

एवढ्यावर थांबले नाही. आमच्या वाडीत मोगऱ्याच्या कळ्या खुडायला पूर्वेकडच्या पाड्यांवरून आदिवासी बायका बसने यायच्या, वर्षानुवर्षे त्याच. पुराच्या बायका तर कुंपणापलीकडेच राहत होत्या. उजाडायच्या आत येत, कमी मजुरीत काम करत आणि दुपारी निघायची घाई नसे. एका हंगामात जुन्या बायका बंद झाल्या. त्यांच्यातली एक, माझ्या मुलाला जिने अंगाखांद्यावर खेळवले होते, मला आगाशीच्या बाजारात भेटली आणि यंदा बोलावले नाही का म्हणून विचारले. यंदा फूल कमी आहे, असे मी सांगितले. फूल भरपूर होते. मला स्वतःचीच चीड आली आणि मी भाजी न घेताच घरी आले.

माझा स्वार्थ मजुरीपुरताच नव्हता, हेही सांगून टाकते. आमच्या शाळेचा पट इतका घसरला होता की शाळा शेजारच्या शाळेत विलीन करायची बोलणी चालली होती. गावची मुले कधीच इंग्रजी शाळेत गेली होती. पुरवाल्यांची पोरे आली आणि पट भरला. गावात नाके मुरडणाऱ्यांत मी नव्हते ती काही मोठ्या मनामुळे नव्हे.

त्या पोरांमध्ये एक मुलगी होती, चौथीतली, सुवाच्य अक्षराची. तिची आई चाळीच्या कोपऱ्यातल्या खोलीत राहायची. विधवा. पुरात नवरा म्हैस सोडायला गोठ्यात गेला, म्हैस आली आणि तो आला नाही. चाळीत आल्या दिवशी या बाईने खाटेच्या चारी पायांखाली तीन-तीन विटा लावल्या. बाकीचे हसले. पावसाळ्यात बुजवलेल्या बावखलातून पाणी वर आले आणि सगळ्यांच्या अंथरुणात शिरले, तेव्हा सगळ्यांनीच विटा शोधल्या. ती कोणाला काही बोलली नाही. मोजके बोलायची, आणि बोलली तर कामाचे.

या चाळीची एक रीत होती, ती मला तिच्याकडूनच कळली. दर पंधरा दिवसांनी चाळीतली एक बाई एसटीने गावी जायची. पाळी लावलेली. तिच्याकडे तारेत ओवलेल्या चौदा किल्ल्या असत. गावी पोहोचली की ती एकेक घर उघडायची, झाडायची, चूल पेटवायची, आणि पिशवीतून नेलेले धुणे प्रत्येक दारापुढच्या दोरीवर थोडे थोडे वाळत घालायची. चौदा घरांतून धूर निघायचा, चौदा दोऱ्यांवर लुगडी. दोन दिवस असे करून ती परतायची. कारण पुनर्वसनाच्या पाहणीला माणसे कधी येतील याचा नेम नव्हता, आणि आली नि कुलूप दिसले की ‘घर बंद’ लिहून जातील, मग माळावरचा प्लॉट गेला.

मला हे ऐकून हसू आले होते. हसले ते आजही आठवते. मी तिला म्हटले, अगं, हे काम मी इतकी वर्षे करते, आम्ही काही धूर बघून लिहीत नाही.

तिने सरळ विचारले, “मंग काय बघता, बाई?”

यादी बघतो, मी म्हटले. तिने मान हलवली. चौथीच्या मुलीसारखीच तीही ऐकलेले विसरायची नाही.

पुढच्या वर्षी निवडणुकीचे वारे वाहू लागले. चाळीला नळ नव्हता. बायका आमच्या विहिरीवरून पाणी न्यायच्या. निवडणुकीला उभा राहू पाहणारा एक पुढारी चाळीत आला, पोरांना बिस्किटे वाटली आणि नळ देतो म्हणाला. फक्त नावे इथल्या यादीत आणा. ज्या खोलीत मतदार, त्या खोलीला जोडणी. त्याने ते इतक्या सरळपणे सांगितले की मला लाजच वाटली नाही, पाणी तर मिळेल असे वाटले. आळीत मात्र कुजबुज सुरू झाली. दिरांच्या ओट्यावर माणसे जमू लागली. भाडे घेताना बरे वाटलेली माणसे मतदार होणार म्हटल्यावर बाहेरची झाली. आमची मते बुडणार, उद्या हेच गाव चालवणार, असे बोलणे. दीर सगळ्यांत मोठ्याने बोलायचे आणि एक तारखेला चाळीत फेरी मारायचे.

पुरवाल्यांनी यावर आपला तोडगा काढला. नवऱ्यांची नावे इकडे आणायची, बायकांची तिकडेच ठेवायची. इकडे नळ, तिकडे प्लॉट. एका खोलीत राहणारे नवरा-बायको दोन जिल्ह्यांचे मतदार. मला हे आवडले नव्हते, पण कुठल्याही नियमात नवरा-बायकोने एकाच गावचे असावे असे लिहिलेले नाही. तेरा खोल्यांचे असे जमले.

चौदाव्या खोलीत मोठे माणूस एकच होते. तिला स्वतःचे दोन तुकडे करता येत नव्हते.

ती म्हणाली, “माझं तिकडंच ऱ्हाऊ द्या. मी पाणी आणीन हिरीवरनं.”

मी दोनदा ऐकून घेतले. तिसऱ्यांदा ऐकले नाही. का ऐकले नाही, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. एक तर मला रकाना रिकामा ठेवायची सवय नाही. तीस वर्षे हजेरीपट भरला. माणूस समोर बसलेले आणि पटावर नाही, हे मला सोसत नाही. दुसरे म्हणजे तिला घागरी वाहताना माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून मी रोज बघत होते, आणि रोज बघण्याचा मला कंटाळा आला होता. यालाच मी दया म्हणत होते. एका दुपारी मी फॉर्म स्वतः भरून नेला. सहीची जागा तेवढी मोकळी ठेवली.

तिने फॉर्म पूर्ण वाचला. जिथे जुना पत्ता होता तिथे बोट ठेवले आणि तिकडचे नाव जाईल का म्हणून विचारले.

“लगेच कुठे जातं?” मी म्हणाले. “वर्षानुवर्षं दोन्हीकडे राहतात. मी बघितलंय ना.”

मी खोटे बोलत नव्हते. मी बघितलेच होते. माझ्या यादीत अशी किती नावे होती, ज्यांची माणसे अर्ध्या जगावर पसरली होती आणि नावाला कोणी हात लावला नव्हता. मला वाटले यादीचे काम सगळीकडे आपल्यासारखेच चालत असेल, ओळखीपाळखीने, उद्या बघू म्हणत. आपण ढिलाई फक्त आपल्या माणसांसाठी करतो आणि ढिलाई हाच नियम आहे असे समजतो. तिने सही केली. आठवड्याभरात तिच्या खोलीला नळ आला, आणि तिची मुलगी वर्गात सांगत सुटली की आमच्याकडे आता घागर न उचलता पाणी येते.

दोन महिन्यांनी गावी जायची पाळी तिची होती. ती चौदा किल्ल्या घेऊन गेली, चुली पेटवल्या, लुगडी वाळत घातली. नेमकी त्याच दिवशी ग्रामसभा भरली आणि माळावरच्या प्लॉटची यादी वाचून दाखवली. तेरा नावे आली. तिचे आले नाही. विचारले तेव्हा कळले की तिच्या नावापुढे शेरा आहे: स्थलांतरित, नाव अन्यत्र नोंदवले. तिने उरलेला दिवस बाकीच्या तेरा घरांचे धुणे काढण्यात घालवला, घड्या घातल्या, कुलपे लावली आणि एसटीत बसली. किल्ल्या पुढच्या पाळीवालीकडे दिल्या आणि मधल्या सुट्टीत शाळेत माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

“मी हितं ऱ्हात न्हाई, असं लिवून द्या,” ती म्हणाली.

मी तिला समजावू लागले. की मी स्वतः पडताळणी केली आहे, माझी सही आहे, राहते म्हणून लिहिल्यावर राहत नाही म्हणून कसे लिहू. ते खोटे होईल. मी खोटे लिहीत नाही, असे मी अगदी शिक्षिकेच्या आवाजात म्हणाले.

शाळेच्या भिंतीवर मतदारयादी डकवलेली होती. ती तिकडे बघत होती. म्हणाली, “तुमचा ल्योक कॅनडात हाय न्हवं?”

मी हो म्हटले.

“त्याचं नाव भिताडावर हाय. मी माझं बघाय आल्ते तवा वाचलं.” टोमणा मारायचा तिचा स्वभाव नव्हता, आणि आवाजातही तो नव्हता. “त्याचं जसं ऱ्हायलं, तसं माझं बी ऱ्हाईल, असं वाटलं मला.”

मधली सुट्टी संपल्याची घंटा मीच वाजवायची होती. ती त्या दिवशी पाच-सात मिनिटे उशिरा वाजली.

मी चिठ्ठी लिहिली, पण तिला हवी तशी नाही. लिहिले की फॉर्म मी भरला, आग्रह माझा होता, बाई दर पाळीला गावी जातात, घर त्यांनी सोडलेले नाही. चूक माझी. एवढे लिहायला मला आख्खी संध्याकाळ लागली. मग पोस्टाने पाठवण्यात अर्थ नाही असे वाटून एक रजा टाकली आणि तिच्याबरोबर एसटीत बसले. नवऱ्याने डोक्यावर हात मारला. गुडघे दुखतात म्हणून चर्चमध्ये मिस्साला खुर्ची घेऊन बसणारी बाई घाट चढायला निघाली, म्हणाला.

गाव पाहिले. भिंतीवर छातीइतक्या उंचीला पाण्याची रेघ, तिच्याखाली माती वेगळ्या रंगाची. चौदा घरांची दारे मात्र शेणाने सारवलेल्या उंबऱ्यांची, चुलींत ताजी राख. दुसऱ्याच्या घरी कोणी एवढे झाडत नाही. तिच्या दाराच्या चौकटीवर पत्र्याची निळी पट्टी होती, ग्रामपंचायतीने ठोकलेली: घर क्रमांक १०७. आत चुलीखेरीज काहीच नव्हते. छप्परही अर्धेच.

यादीचे काम बघणारा तिथला माणूस माझ्यासारखाच शिक्षक निघाला, माझ्या मुलाच्या वयाचा. त्याने मला पाणी दिले, चिठ्ठी दोनदा वाचली आणि आपली यादी काढून पुढे ठेवली. इतकी स्वच्छ यादी मी आयुष्यात पाहिली नव्हती. कुठे खाडाखोड नाही, पेन्सिल नाही. शेऱ्याच्या रकान्यात जे आहे ते आहे.

“बाई, फॉर्म पाठवून तुम्हीच तर कळवलंत,” तो म्हणाला. “मी आठ दिवसांत काढलं. उशीर केला असता तर मला नोटीस आली असती.”

त्याच्यावर रागवायला मला जागा सापडेना. वर अर्ज करा, बघतील, असे त्याने सांगितले, आणि अर्ज कसा करायचा तेही लिहून दिले. आम्ही तालुक्याला गेलो, अर्ज दिला. पोच मिळाली. तिथल्या माणसाने पोच देतानाच सांगितले की सोडत निघून प्लॉट वाटले गेले आहेत, आता दुसरी यादी निघाली तर. ती कधी निघेल हे त्याला सांगता आले नाही, आणि ते त्याचे काम नव्हतेही.

परतायच्या आधी ती घराकडे जाऊन येते म्हणाली. मी थांब्यावर बसून राहिले, पाय उचलत नव्हते. ती आली तेव्हा हातात ती निळी पट्टी होती. दगडाने खिळे उचकटले असावेत, एक कोपरा दुमडला होता. सगळ्या प्रवासात तिने ती मांडीवर पालथी ठेवली होती. कुठेतरी घाटात मी तिला म्हटले की माझे चुकले. तिने खिडकीबाहेर बघत मान हलवली. “तुमचं पाय दुखत आस्तील,” एवढेच म्हणाली. त्यापेक्षा तिने मला दोन शब्द ऐकवले असते तर बरे वाटले असते.

निवडणूक झाली. नळवाला पुढारी हरला आणि चाळीत पुन्हा दिसला नाही. हरल्या-जिंकल्याचे निमित्त करून आळीने उचल खाल्ली. चाळीतल्या सगळ्या नावांवर हरकत घेणारा अर्ज दिला गेला: ही माणसे बाहेरची आहेत, तात्पुरती आहेत, यांची नावे वगळा. खाली सह्यांची रांग. पहिली सही थोरल्या दिरांची. मी त्यांना विचारले की भाडेकरू तुमचे, मग तात्पुरते कसे. ते म्हणाले की भाडेकरू हा तात्पुरताच असतो. त्यांच्या दृष्टीने त्यात विसंगती काहीच नव्हती. दुसरी सही माझ्या नवऱ्याची होती. त्याच्याशी मी दोन दिवस बोलले नाही, आणि त्यालाही ते नीट कळले नाही.

हरकतींची पडताळणी करायची माझ्याच गळ्यात आली. निवृत्तीला तीन महिने होते. या वेळी मी ठरवले की सगळ्याच यादीची करायची, चाळीचीही आणि आळीचीही, एका ओळीने. वरून तसा हुकूम नव्हता. माझ्या हातात होते म्हणून केले.

चाळीपासून सुरुवात केली. तेरा खोल्यांतली माणसे दारात उभी होती, आधार कार्डे हातात घेऊन. कोणाच्या तरी माळावरच्या घराचा पाया भरला होता, ते मला हौसेने सांगत होते आणि मग कोपऱ्याकडे बघून आवाज उतरवत होते. माझ्या यादीत चाळीच्या सगळ्या खोल्यांपुढे घर क्रमांकाच्या जागी शून्य होते. दिरांनी खोल्यांना क्रमांक घेतलेच नव्हते, आणि कोरी जागा ठेवायची नाही म्हणून ते शून्य मीच कधीतरी टाकले होते.

कोपऱ्यातल्या खोलीच्या दारावर निळी पट्टी ठोकलेली होती. दुमडलेला कोपरा सरळ केलेला. घर क्रमांक १०७.

ती दारात आली. मी नेहमीचे प्रश्न विचारले. घरात कोण कोण राहते. मी आणि माझी पोरगी. कधीपासून. तिने सांगितले. कायमचे की तात्पुरते, हा प्रश्न त्या फॉर्मवर असतो.

“आता हितंच लिवा,” ती म्हणाली. “तिकडं माझं काय न्हाई.”

मी शून्य खोडले आणि १०७ लिहिले. असा क्रमांक त्या आळीत नव्हता, वटारमध्येही नसावा. तपासणीत कोणी विचारले तर सांगणार होते की दारावर आहे ते लिहिले. कोणी विचारले नाही.

मग आळी. फाटकाला कुलूप असलेल्या प्रत्येक घरापुढे थांबले आणि या वेळी ‘कामानिमित्त बाहेर’ हे पुढचे दोन शब्द लिहिले नाहीत. शेजाऱ्यांना विचारले, किती वर्षे झाली, परत येणार का. लोक आधी हसले, मग चिडले. फादरांकडे माझी तक्रार करू, असेही एकीने सांगितले. मी ऐकून घेतले आणि लिहीत गेले. आवेश वगैरे माझ्यात नव्हता. फक्त थकवा होता, आणि तो आता एका जागी साचून घट्ट झाला होता.

शेवटचे घर माझे. नवरा ओट्यावर बसून मोगऱ्याच्या कळ्यांतली उमललेली फुले वेगळी काढत होता. उमललेले फूल बाजारात चालत नाही. मी आत गेले नाही. फाटकाशी उभी राहून, इतर घरी विचारते तसेच विचारले की घरात कोण कोण राहते.

त्याला आधी थट्टा वाटली. मग त्याने माझ्या हातातला फॉर्म पाहिला. मुलाने गेल्या वर्षी तिकडचे नागरिकत्व घेतले होते. फोनवर त्याने ते आनंदाने सांगितले होते आणि आम्हीही आनंदाने ऐकले होते. शेजारी मात्र कोणाला सांगितले नव्हते.

“काढू नकोस,” नवरा म्हणाला. “इथे त्याचं तेवढंच आहे.”

मी फॉर्म फाटकाच्या खांबावर टेकवला. मागे चाळीत कोणीतरी नळ सोडला, बादलीत पाणी पडल्याचा आवाज आला.

“दोघं,” मीच उत्तर दिले, आणि तसे लिहिले.